रंग न लावता रंगलेली गोष्ट

दोस्तांनो, माकड आणि मगरीची गोष्ट तुम्हांला पाठ असेलच. पंचतंत्रातल्या 'लब्धप्रणाश' या चौथ्या तंत्रात ती आहे. जांभळाच्या झाडावरचा रक्तमुख वानर आणि पाण्यातली मगर, करालमुख. हीच गोष्ट एका मे महिन्यात आम्ही भावंडांनी लाकडात कोरायला घेतली. अट एकच. ब्रश हातात धरायचा नाही, रंग लाकडानंच द्यायचा!

सावंतवाडीची लाकडी खेळणी तुम्ही पाहिली असतील. ती पुष्कळदा पांगाऱ्याची असतात. हलकं, मऊ लाकूड. वर रंग चढला की हुबेहूब आंबा नाहीतर सीताफळ. पण रंगच नाही म्हटल्यावर पांगारा आमच्या कामाचा नव्हता. शेजारच्या सुतारकाकांकडे उरलेल्या तुकड्यांचा ढीग होता, तीच आमची रंगपेटी. माकडाला फिकट पिवळसर शिवण. कोरायला सोपं, पटाशी लावली की भराभर ढलप्या निघतात. मगरीला काळपट तपकिरी शिसव. झाड मात्र खरोखरच जांभळाच्या लाकडाचं! हे लाकूड पाण्यात लवकर कुजत नाही, म्हणून पूर्वी विहिरीच्या तळाशी घालत. रक्तमुखाच्या लाल तोंडासाठी खैराची चकती. विड्यातला कात होतो तोच हा खैर. इतका कडक, की कानस घासून घासून आमचे हात भरून आले.

धाकट्या मामेभावाला मगरीची शेपटी वर वळलेली हवी होती. काका म्हणाले, "बघ हां, मोडेल." ऐकतो कुठला! तीन दिवस राबून शेपटी झाली आणि पॉलिश पेपर फिरवताना कट्कन तुटली. पठ्ठ्या रडलाच. काकांनी त्याला सरपण फोडून दाखवलं. कुऱ्हाड उभी घातली की ओंडका सरळ चिरत जातो, आडवी घातली तर नुसते हात दुखतात. कारण लाकडाचे तंतू झाडाच्या उंचीच्या दिशेनं धावतात. आमच्या मगरीत ते नाकापासून सरळ मागे गेले होते. शेपटी वळली तिथं ते मध्येच कापले गेले, मग तिला धरून ठेवणार कोण? शेवटी शेपटीसाठी वेगळा तुकडा घेतला, तंतू तिच्याच लांबीत येतील असा. लाकडी खुंटी आणि सरस लावून तो जोडला. सांधा दिसतो, दिसू दे.

तुम्हांला करून पाहायचंय? आधी साबणाच्या वडीवर हात बसवा (आईला विचारून!). मग वाळलेला शिवणीचा तुकडा घ्या. ओलं लाकूड वाळताना आकसतं आणि तडकतं. तुकडा शिकंज्यात घट्ट हवा, दोन्ही हात पटाशीच्या धारेमागे हवेत, आणि मोठं माणूस जवळ हवंच.

हो, माकडाचं काळीज राहिलंच की! ते तर म्हणे झाडावर होतं. मामेभावानं खैराच्या कपचीतून वाटाण्याएवढं काळीज घासलं आणि फांदीच्या बेचक्यात बसवलं. घरी पाहुणा आला, की तो आधी ते शोधायला लावतो.