पट्टी, यंत्र आणि दोन तास

बेनेडिक्टच्या पाच मिलिलिटर निळ्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकायचे, उकळायचे आणि रंग हिरवा होतो, पिवळा की थेट विटकरी, ते पाहायचे. 1984 मध्ये अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या लोणीला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा देशभर वैद्यकीचे विद्यार्थी साखर अशीच शोधायला शिकत. फ्री या संशोधक दांपत्याची लघवीतली साखर दाखवणारी पट्टी अमेरिकेत 1956 मध्येच आली होती. द्रावण इतर शर्करांनी, अगदी क जीवनसत्त्वानेही फसे. पट्टी ग्लुकोजच पकडू लागली. डोळा आणि घड्याळ मात्र माणसाचेच राहिले. पुढे एकाच पट्टीवर अनेक चौकोन आले: साखरेचा चौकोन तिसाव्या सेकंदाला वाचायचा, प्रथिनांचा साठाव्या, पांढऱ्या पेशींचा दोन मिनिटांनी. समोर चाळीस बाटल्या असताना हे कोण पाळणार? पट्टी वाचणाऱ्या यंत्राने प्रकाश आणि वेळ बांधून दिली. वेगाचे कौतुक फार झाले, खरी कमाई हा सारखेपणा आहे.

1995 च्या सुमारास पेशी मोजणारी जपानी यंत्रे आली; पेशींची छायाचित्रे काढणारी यंत्रेही आहेत. यंत्राने तंत्रज्ञाची नजर बोथट होईल, हा आक्षेप निराधार नाही: यीस्टला तांबडी पेशी समजणे, कास्ट (मूत्रपिंडाच्या नलिकांत तयार होणारे साचे) निसटणे हे यंत्राकडून होतेच. म्हणूनच स्वच्छ नमुन्यांवर वाचलेला वेळ संशयित नमुन्यांसाठी मायक्रोस्कोपवर घालवायला हवा. वेळ वाचला म्हणून माणसेच कमी केली, तर आक्षेप खरा ठरेल.

नगर जिल्ह्यात मात्र मुख्य अडचण यंत्राच्या अलीकडची आहे. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा जिल्हा, चौदा तालुके. अकोले या तालुक्याच्या गावाहून नगर शहर शंभर किलोमीटरच्या पुढे. नमुने गोळा करून मध्यवर्ती प्रयोगशाळेत नेणे रक्ताच्या पुष्कळ तपासण्यांना मानवते. लघवी साध्या तापमानाला दोन तासांत तपासावी लागते. नंतर जंतू वाढतात, साखर घटते, पेशी आणि कास्ट विरतात. शिळ्या लघवीचा आकडाही यंत्र तितक्याच ठामपणे छापते. थंड पेटीत नेता येईल, असे कोणी म्हणेल. येईल, पण थंडाव्याने स्फटिक जमतात आणि मुतखड्याच्या रुग्णाचा अहवाल गढूळ होतो. म्हणून नगरच्या एका मोठ्या यंत्रापेक्षा जामखेड, अकोले, पाथर्डीला टेबलावर मावणारी पट्टीवाचक यंत्रे आणि शेजारी मायक्रोस्कोप जास्त उपयोगाचे. वीज गेली, तर पट्टी डबीवरच्या रंगतक्त्याशी ताडून, घड्याळ लावून, खिडकीच्या उजेडात वाचता येते.