पूर्वीचा एक, आताचा आठ

मुंबईच्या लोकलमध्ये १९९६पासून तीन गोष्टी पुन्हा पुन्हा बदलल्या: स्थानकांची नावे, गाड्यांचे प्रकार आणि फलाटांचे क्रमांक. यांपैकी नावे प्रवाशांनी सहज पचवली, कारण ती त्यांनी फारशी मनावर घेतलीच नाहीत. १९९६मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनसचे छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७मध्ये त्यात ‘महाराज’ची भर पडली. पाट्या बदलल्या, उद्घोषणा बदलल्या. जुना डोंबिवलीकर मात्र अजून ‘व्हीटी’लाच उतरतो. २०१८मध्ये एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले, तेव्हाही कोणाची गाडी चुकली नाही.

गाडीच्या बाबतीत हे औदार्य चालत नाही. नेहमीचा प्रवासी लोकल ओळखतो ती मिनिटावरून. तीच गाडी, तोच डबा, त्याच दाराशी तीच चार माणसे, कुठून कुठपर्यंत कोणी बसायचे याचे अलिखित करार. १९ ऑगस्ट २०२२पासून मध्य रेल्वेने साध्या लोकलच्या १० फेऱ्या वातानुकूलित केल्या. वेळ तीच, गाडी दुसरी आणि तिकीट कितीतरी महाग. कळवा आणि बदलापूर येथे प्रवाशांनी आंदोलने केली आणि आठवड्याच्या आत रेल्वेला या फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. केलेला बदल इतक्या झटपट परत फिरल्याची उदाहरणे लोकलच्या व्यवहारात विरळाच.

सर्वांत गमतीचा गोंधळ दादरचा. तेथे पश्चिम आणि मध्य रेल्वेची स्थानके एकमेकांना खेटून आहेत आणि दोन्हीकडे फलाट एकपासून मोजले जात. ‘एक नंबरवर भेटू’ असे ठरवणारे दोघे दोन वेगळ्या एक नंबरांवर एकमेकांच्या नावाने बोटे मोडत उभे, हे नेहमीचेच. शिवाय सप्टेंबर २०२३मध्ये मध्य रेल्वेचा एक क्रमांकाचा फलाट रुंद करण्यासाठी दोन क्रमांकाचा फलाट बंद झाला. मग ९ डिसेंबर २०२३पासून सलग क्रमांक आले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले. मध्य रेल्वेचा एक झाला आठ. दोन उरलाच नव्हता, म्हणून तीन झाला नऊ, चार झाला दहा, आणि असे करत जुना आठ थेट चौदावर पोहोचला. म्हणजे जुना आकडा नव्यात बदलायचा तर पहिल्या फलाटाला सात मिळवायचे, बाकीच्यांना सहा. सकाळच्या गर्दीत, जिना उतरता उतरता, हे गणित करायचे! त्यातही आठ नंबर बाद झाला असता तर बरे. तो राहिला, फक्त दुसरीकडे गेला.

बदल मुळात योग्यच होता. सलग क्रमांकांमुळे नवख्याची सोय झाली, कारण त्याला विसरण्यासारखे काही नव्हते. त्रास झाला तो वर्षानुवर्षे इंडिकेटरकडे न पाहता योग्य जिना उतरणाऱ्या जाणत्यांना.

मार्च २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आणखी काही नावे बदलण्यास मान्यता दिली: करी रोडचे लालबाग, मरीन लाइन्सचे मुंबादेवी, चर्नी रोडचे गिरगाव वगैरे. नावे खुशाल बदलावीत. क्रमांकांना पुन्हा हात लावायचाच असेल, तर रेल्वेने जुना आकडा निदान वर्षभर नव्याच्या शेजारी ठळक लिहून ठेवावा.