शंकूंमधले एक मिनिट

आपल्या शहराचे आणि गाड्यांचे नाते तसे जुने आहे. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाच्या ऑक्टेव्हिया गाड्या जुळू लागल्या. घरटी एक माणूस कुठल्या ना कुठल्या सुट्या भागाच्या कारखान्यात कामाला, अशा वसाहती छत्रपती संभाजीनगरात आजही आहेत. गाडी तयार कशी होते, हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण ती गाडी वळणावर काय करते, का घसरते, केव्हा ऐकते आणि केव्हा ऐकत नाही, याचा विचार आपण क्वचितच करतो. तो करायला लावणारा एक खेळ आहे. त्याचे नाव ऑटोक्रॉस.

मोटारींच्या शर्यती म्हटले की डोळ्यांसमोर नारायण कार्तिकेयन येतो, नाही तर स्कोडा फाबिया घेऊन २०१३, २०१६ आणि २०१७ अशी तीन वर्षे आशिया-पॅसिफिक रॅलीचे विजेतेपद मिळवणारा गौरव गिल. त्या गाड्या आणि तो खर्च आपल्या आवाक्यातला नाही. ऑटोक्रॉसचे तसे नाही. एक मोठे मोकळे मैदान घ्यायचे, त्यावर रस्त्याच्या कामावर दिसतात तसे नारिंगी शंकू मांडून नागमोडी वाट आखायची आणि एका वेळी एकच गाडी सोडायची. समोर दुसरी गाडी नाही, टक्कर नाही. स्पर्धा फक्त घड्याळाशी. एक फेरी साधारण मिनिटभराची असते. अशा तीन-चार फेऱ्या मिळतात आणि त्यांतली सर्वांत चांगली वेळ धरतात. शंकू पाडला की वेळेत दंड मिळवतात. अमेरिकेत तो प्रत्येक शंकूमागे दोन सेकंदांचा आहे. फेरीच मिनिटाची, त्यात दोन सेकंद म्हणजे जवळजवळ सामना गेलाच म्हणायचा.

नावाचा थोडा घोळ आहे, तो आधी सोडवू. इंग्लंडमध्ये ऑटोक्रॉस म्हणजे गवतावरची किंवा मातीवरची शर्यत. अमेरिकेत याच नावाने डांबरी मैदानावरचा शंकूंचा खेळ ओळखतात. आपल्याकडे ऑटोक्रॉस बहुधा मातीवर होते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची जी ‘फॉर्म्युला स्टुडंट’ स्पर्धा असते, तिच्यातही ऑटोक्रॉस नावाची एक फेरी आहे आणि त्याआधी इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या आखणीवर गाडी फिरवण्याची परीक्षा. लायसन्स काढताना आरटीओच्या मैदानात आपण जो आठचा आकडा काढतो, त्याचीच ही वेगवान थोरली बहीण समजा.

आता मुख्य गोष्ट. हा खेळ इंजिनाचा नाही, टायरचा आहे. गाडी एक टनाची असो की दीड टनाची, जमिनीला तिचा स्पर्श होतो तो चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणची जागा जेमतेम तळहाताएवढी. वेग घ्यायचा, ब्रेक मारायचा, वळायचे, सारे या चार तळहातांच्या पकडीवर. आणि ही पकड म्हणजे नोकरदाराच्या पगारासारखी असते. रक्कम ठरलेली. सगळा पगार ब्रेकवर खर्च केलात, तर वळायला काही उरत नाही. म्हणून ऑटोक्रॉसमध्ये पहिला धडा हा की ब्रेक सरळ रेषेत, जोरात मारावा आणि वळणात शिरताना पायाचा दाब हळूहळू कमी करत स्टिअरिंग फिरवावे. एक खर्च घटत जातो तसा दुसरा वाढतो. नवशिका नेमके उलटे करतो. वळणापर्यंत ॲक्सिलेटर दाबून ठेवतो आणि मग ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही एकदम मागतो. गाडी दोन्हींपैकी काहीच देत नाही, सरळ जाऊन शंकू उडवते.

वळणाचे गणित शाळेतलेच आहे. कोरड्या डांबरावर साध्या टायरची पकड गाडीच्या वजनाच्या ०.८ पट धरली, तर १० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी सुमारे ३२ किलोमीटरच्या पुढे गाडी टिकत नाही. तीच त्रिज्या १५ मीटर केली, तर हा आकडा ३९ वर जातो. म्हणजे इंजिनावर एक रुपयाही न खर्चता, फक्त वाट रुंद घेतल्याने ताशी सात किलोमीटर मिळाले! बाहेरच्या कडेने शिरायचे, आतल्या शंकूला जवळजवळ चाटून जायचे आणि पुन्हा बाहेर पसरायचे, असे जाणकार सांगतात ते याचसाठी. त्यातही आतला शंकू थोडा उशिरा गाठला तर बाहेर पडताना गाडी लवकर सरळ होते आणि पुढच्या सरळ तुकड्यात वेग आधी घेता येतो.

एका रांगेत मांडलेल्या शंकूंतून डावी-उजवी करत जाण्याचा भाग लोकांना सर्वांत आवडतो आणि सर्वांत जास्त वेळ तिथेच जातो. कारण माणूस शंकूपाशी पोहोचल्यावर वळू लागतो. तोपर्यंत उशीर झालेला असतो; प्रत्येक शंकूला उशीर थोडा वाढतो आणि पाचव्या शंकूपाशी हिशेब चुकता होतो. वळायला सुरुवात शंकूच्या आधी करायची, म्हणजे शंकू बाजूने जात असताना गाडीचे तोंड पुढच्या फटीकडे आलेले असते. यासाठी नजर पुढे हवी. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर कापते. बॉनेटसमोरच्या शंकूकडे पाहत राहिलात, तर तुम्ही भूतकाळाकडे पाहत आहात. निदान दोन शंकू पुढे पाहा. जवळचा शंकू डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतोच.

बहुतेक घरगुती गाड्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या असतात आणि त्यांचे सुमारे ६० टक्के वजन पुढे असते. अशी गाडी जोरात वळवली की पुढची चाके घसरतात, स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ जाऊ पाहते. मग माणूस घाबरून स्टिअरिंग आणखी फिरवतो. त्याने काही होत नाही, उलट बिघडते. पाय ॲक्सिलेटरवरून किंचित उचला, स्टिअरिंग थोडे सैल सोडा. वजन पुढे सरकते, पुढचे टायर दबतात आणि पकड परत येते. मात्र पाय एकदम उचलला तर मागची बाजू हलकी होऊन गाडी गिरकी घेते, हेही खरे. या खेळात ‘हळू हात, हळू पाय’ असे शिकवतात ते एवढ्यासाठीच.

गाडीची तयारी करायची म्हणजे लोक आधी दुकानाकडे धावतात. मी सांगेन, आधी डिकीकडे जा. स्टेपनी, जॅक, पाण्याचे कॅन, क्रिकेटची किट, सगळे बाहेर काढा. सीटखाली लोळणारी बाटली ब्रेकच्या पॅडलखाली गेली तर काय होईल, याचा विचार करा. चालकाच्या पायाखालची चटई काढा. बॅटरी हलत नाही ना, चाकांचे नट नीट आवळलेले आहेत ना, ब्रेक ऑइल जुने नाही ना, हे पाहा. टाकी अगदी रिकामी ठेवू नका. तीव्र वळणात पेट्रोल एका बाजूला गेले की इंजिन श्वास सोडते. सीट अशी लावा की पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर येईल. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. पट्टा घट्ट, डोक्यावर हेल्मेट.

मग टायरमधली हवा. दाराच्या चौकटीवर चिकटवलेला आकडा रोजच्या वापराचा असतो, समजा ३२ पीएसआय. डांबरावरच्या ऑटोक्रॉसमध्ये या हवेवर पुढच्या टायरची कड वळणात दुमडते आणि गाडी टायरच्या बाजूवर चालू लागते. म्हणून पुढे काही पीएसआय वाढवतात. किती, याचे उत्तर खडू देतो. टायरच्या खांद्यावर खडूच्या आडव्या रेघा ओढा, एक फेरी मारा आणि उतरून पाहा. रेघा बाजूवर खाली दूरवर पुसल्या असतील तर हवा कमी. कडेपर्यंतही पुसल्या नसतील तर जास्त. पाच रुपयांच्या खडूइतके प्रामाणिक यंत्र दुसरे नाही. मोजणी टायर थंड असताना करावी. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की दाब साधारण एक पीएसआयने चढतो, आणि मराठवाड्यातला मे महिना आपल्याला माहीत आहे. नायट्रोजन भरल्याने जादू होईल असे वाटणाऱ्यांना एवढेच सांगतो, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

पैसे खर्चायचेच असतील तर आधी चांगल्या टायरवर, मग ब्रेकच्या पॅडवर, आणि बाकीचे अधिक फेऱ्या मारण्यावर. गाडी खाली बसावी म्हणून स्प्रिंग कापून देणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नये. कापलेली स्प्रिंग आपल्या जागेवरून सुटू शकते, आणि ते कळते वळणातच. उंच एसयूव्ही गाड्यांना डांबरी ऑटोक्रॉसमध्ये अनेक ठिकाणी प्रवेशच नसतो, कारण त्या घसरण्याआधी कलंडतात.

मातीवर नियम थोडे बदलतात. आपल्या मुरमाड माळावर पकड ०.५ पट धरली, तर मघाच्या १० मीटरच्या वळणावर वेग ताशी २५ वर येतो. एबीएस असलेली गाडी सैल मातीवर थांबायला जास्त अंतर घेते, कारण चाक जाम झाले असते तर पुढे मातीचा ढीग साचून त्याने मदत केली असती. म्हणून मातीवर ब्रेक बराच आधी लागतो. पहिल्या दहा गाड्या गेल्या की सैल माती बाजूला उडून खालची घट्ट वाट उघडी पडते. पकड तिथेच मिळते, मग ती आदर्श वाटेपासून थोडी दूर असली तरी चालेल. पायी चालत वाट पाहण्याची संधी आयोजक देतात, ती तीन वेळा घ्यावी. काळी माती असेल तर पाऊस पडल्यावर घरी जावे, हे उत्तम!

हे सगळे सांगण्याचे कारण केवळ छंद नाही. औट्रम घाट उतरताना ब्रेक तापून मऊ पडतात तेव्हा, किंवा समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या मर्यादेने जाताना समोर जनावर आले तर, लागणारी समज हीच आहे. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते, हे वाक्य सगळ्यांना पाठ असते. ते पायाला कळते शंकूंच्या मैदानावर, जिथे चुकीची किंमत एक प्लॅस्टिकचा शंकू असते. शहराबाहेरच्या रुंद रस्त्यावर रात्री पैज लावणाऱ्या मुलांना ही किंमत फार वेगळी पडते, आणि बहुतेकदा रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या दुसऱ्याच कुणाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणे गुन्हा आहे. पूर्वी ५०० रुपये असलेला दंड २०१९ च्या दुरुस्तीने ५ हजारांपर्यंत गेला, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद. शिक्षा वाढवली हे ठीकच. पण या मुलांना ‘इथे नको’ म्हणताना ‘मग तिथे जा’ असे सांगण्याजोगी जागाही हवी. जुन्या काळी मुंबईत जुहूच्या आणि मद्रासजवळ शोलावरमच्या विमान धावपट्टीवर शर्यती होत. कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे. कारखान्यांच्या या शहरात रविवारी रिकामी पडणारी आवारे काही थोडी नाहीत. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया या संस्थेच्या नियमांत राहून, रुग्णवाहिका व अग्निशमनाची सोय करून तिथे शंकू मांडता येतील. जागेच्या मालकाने परवानगी द्यायला हवी, आणि पालकांनी मागायला.

फेरी संपवून घरी निघताना मात्र एक काम विसरू नका. वाढवलेली हवा पुन्हा दारावरच्या आकड्यावर आणायची. टायर तेव्हा गरम असतात, त्यामुळे ते पूर्ण थंड होईपर्यंत थांबा, चहा घ्या, आणि स्टेपनी डिकीत ठेवा.