तंबोऱ्याची जवारी

घरचा तंबोरा मुका झाला. तारा बदलल्या, तरी आवाज ठोकळ्यासारखा. अखेर बुलढाण्याहून तो घेऊन मिरज गाठली. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्ये घडवायला घेतली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

कारागिरांनी भोपळ्याकडे पाहिलेही नाही. घोडीवर बोट फिरवले. तिचा माथा किंचित उतरता हवा. छेडलेली तार त्याला पुन्हापुन्हा हलकेच शिवते आणि वरचे स्वर फुटतात. हीच जवारी. आमच्या घोडीवर तारांनी चर पाडले होते. त्यांनी कानस चालवली, तारेखाली सूत सरकवले, ऐकले, पुन्हा घासले. तासभर हेच! एवढा मोठा भोपळा, पण सारी मदार केसभर उतारावर. शेवटी खर्जातून गंधार ऐकू आला, तेव्हा कुठे त्यांनी कानस खाली ठेवली.