वाद्ये विकली नाहीत, भाड्याने दिली

१९७६ साली मद्रासमध्ये आर. के. शेखर वारले. मल्याळम चित्रपटांना त्यांनी संगीत दिले, इतर संगीतकारांच्या गाण्यांचे वाद्यमेळही बांधले. मागे पत्नी, चार मुले आणि घरातली वाद्ये. वाद्ये विकून पैसे व्याजी ठेवा, असा सल्ला मिळाला. पत्नीने, म्हणजे पुढच्या करीमा बेगम यांनी, तो मानला नाही. वाद्ये भाड्याने जाऊ लागली व त्यावर घर चालले. व्यापाऱ्याला यातली गोम सांगायला नको. व्याज ठरलेलेच येते. अवजार घरात राहिले तर त्यावर मुलाचा हात बसतो.

मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. पुढे शाळा सुटली आणि तो इलैयाराजा, राज-कोटी अशांकडे कीबोर्ड वाजवू लागला. हीही रोजंदारीच. वादकाला सेशनचे पैसे मिळत. गाणे वर्षानुवर्षे चालले तरी पुन्हा काही नाही, आणि नाव संगीतकाराचे.

जाहिरातींच्या धुनांतून चार पैसे सुटू लागले. १९८९ मध्ये घरामागे स्टुडिओ उभा राहिला, पण रेकॉर्डरला पैसे नव्हते. आईने दागिने गहाण ठेवायला दिले, असे ए. आर. रहमान यांनी स्वतःच सांगितले आहे.

१९९२ च्या ‘रोजा’चे मानधन पंचवीस हजार रुपये. जाहिरातींत तेवढे काही दिवसांत सुटले असते. तरी काम घेतले. या कॅसेटवर संगीतकार म्हणून नाव त्यांचे होते.