पुढची तारीख

२०२४च्या २५ जुलैला वसईचे लेखक-धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. पाऊस मी म्हणत होता, वसईला जाता आलं नाही. आठवडाभरात २ ऑगस्ट आला. दादरा-नगर हवेलीतलं सिल्वासा पोर्तुगीजांकडून मुक्त होऊन सत्तर वर्षं झाली म्हणून गावात झेंडे, रोषणाई, भाषणं. ती आवरतात न आवरतात तोच पुतणीनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. पांढरे बूट घातलेला एक तरुण प्रचारक माइक तोंडाशी धरून गर्जत होता, एकवीस दिवसांत नोकरी, एकवीस दिवसांत घर, फक्त मनात शंका आणू नका. खाली पुतणीनं लिहिलं होतं, ‘काकी, काकांच्या वेळी असं कुणी प्रार्थना करणारं भेटलं असतं तर!’

या महिनाअखेरीस मी सिल्वासा सोडतेय. १९८९ साली लग्न होऊन आले, पस्तीस वर्षं झाली. सामान बांधायला घेतलं होतं, पण पुतणीची ती ओळ वाचल्यापासून हात चालेना.

इथल्या इतिहासाचा मला कंटाळा आहे, तो पटकन उरकते. मराठ्यांनी पोर्तुगीजांचं एक जहाज धरलं, त्याच्या भरपाईपोटी १७८३ साली नगर हवेली पोर्तुगीजांच्या पदरात पडली. दोन वर्षांनी त्यांनी दादरा विकत घेतलं. मग पावणेदोनशे वर्षं काही घडलं असेलही, माझ्या वाचनात रस वाटावा असं आलं नाही. १९५४च्या मुक्तिसंग्रामातलं मात्र एक दृश्य माझ्या डोक्यातून जात नाही. २२ जुलैच्या रात्री दादऱ्याच्या पोलीस ठाण्यावर चालून गेलेल्या तुकडीचा म्होरक्या होता फ्रान्सिस मस्करेन्हस. ठाणं राखताना मारला गेलेला अधिकारी, अनिसेतो रोझारियो. दोघेही ख्रिस्ती नावांचे. त्या रात्री दोघांनी छातीवर क्रूस काढला असेल, तर देवानं कुणाचं ऐकलं? हा प्रश्न मी एकदा धर्मशिकवणीच्या वर्गात विचारला होता. उत्तराऐवजी मला चहा मिळाला.

मुक्त झाल्यावर या प्रदेशाचं काय झालं, हे भाषणांत कुणी सांगत नाही. सात वर्षं तो धड पोर्तुगालचा नव्हता, धड भारतात नव्हता. कारभार वरिष्ठ पंचायत पाहायची. पोर्तुगाल १९५५च्या डिसेंबरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि निकाल लागायला १९६०चा एप्रिल उजाडला. शेवटी १९६१च्या ऑगस्टमध्ये विलीनीकरणाच्या करारावर सही करण्यापुरतं बडलानी नावाच्या अधिकाऱ्याला एका दिवसाचं पंतप्रधान केलं. एका दिवसाचा पंतप्रधान म्हटलं की लोक हसतात. त्याच्या मागे सात वर्षांच्या तारखा उभ्या आहेत, हे मला कळलं ते माझ्या घरात कोर्टाच्या तारखा सुरू झाल्यावर.

आमची पहिली नऊ वर्षं सुखाची गेली, म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. करसवलतींमुळे तेव्हा इथे कारखान्यांची रांग लागली होती. हे टेक्श्चराइझिंगमध्ये ऑपरेटर होते. पॉलिस्टरचा सपाट धागा तापवून, पीळ देऊन फुगवायचा, तो कोनवर गुंडाळायचा. कुठे तुटला की हवेच्या गननं ओढून पुन्हा ओवायचा. घरी आले की कोनिंग ऑइलचा वास त्यांच्या आधी दारात यायचा. मला तो मळमळायचा.

१९९८च्या पावसाळ्यात फाटकावर कागद चिकटला, पुढील आदेशापर्यंत काम बंद. पुढचा आदेश अजून यायचाय. चार महिन्यांचा पगार, ग्रॅच्युइटी, सगळं आत अडकलं. साठेक कामगारांनी मिळून दावा लावला. त्याचे कागद साडीच्या दुकानाच्या एका जांभळ्या पिशवीत राहायचे, आणि ती पिशवी पुढची अकरा वर्षं आमच्या देव्हाऱ्याखाली होती. मरियेच्या पायाशी वकिलाची पावती. कारखाना बंद झाल्यावरही दोनेक वर्षं हे बोलता बोलता अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायचे, धागा कुठे फुटलाय का ते चाचपल्यासारखे. तो वास गेला आणि मला चुकल्यासारखं व्हायला लागलं.

मी डबे सुरू केले. आमलीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा. महिना साडेतीनशे रुपयांत दोन वेळचा डबा. खाणारी बहुतेक बिहार-यूपीकडची पोरं, ती माझ्या वसईच्या मसाल्याला नाकं मुरडायची. १९९१ला दीड लाखाच्याही आत असलेली या प्रदेशाची वस्ती २००१ला सव्वादोन लाखांच्या घरात गेली, २०११ला साडेतीन लाखांना टेकली. ती कुठून आली ते मला जनगणनेनं सांगायला नको, मी तिला पोळ्या लाटून दिल्यात. या सगळ्यांत आम्ही ख्रिस्ती २०११च्या मोजणीत शंभरात दीड.

हे माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाला, नऊ बुधवारच्या प्रार्थनेला, जायला लागले. बुधवारी पहाटे वापीहून गाडी, रात्री परत. नऊ बुधवार झाले, काही हललं नाही. दहाव्या बुधवारी पुन्हा चपला घालताना दिसले. म्हटलं, नऊ झाले की! म्हणाले, ‘गाडीत बसायला बरं वाटतं.’ मी चिडले होते. नोकरी नसलेल्या माणसाला पहाटे उठून कुठेतरी जायचं असतं, ही साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली.

त्या काळात आमची कीव करणारे पुष्कळ भेटले. नात्यातल्या एका बाईनं नाताळच्या जेवणात, हातात मटणाचं हाडूक धरून, सगळ्यांसमोर सांगितलं की जिथे देव ऐकत नाही तिथे कुठेतरी पाप दडलेलं असतं. एका प्रार्थना मंडळाचे पुढारी घरी येऊन म्हणाले, तुमचा विश्वास कमी पडतोय. त्यांना मी चहा दिला नाही. सत्तावीस वर्षांच्या संसारात आलेल्या माणसाला चहा न विचारण्याची ती एकच वेळ. आजही दिला नसता.

पण हिशेबच मांडायचा तर माझाही एक आहे. आमच्या वरच्या खोलीत बिहारातल्या छपऱ्याची एक पोर राहायची, वीस-बावीस वर्षांची. तिचं तान्हं काविळीत गेलं. मी भेटायला गेले आणि तोंडातून निघालं, ‘देवाची मर्जी.’ तिनं मान हलवली. तोवर आमच्यात वाटी फिरत असे, तिच्याकडून लोणचं, माझ्याकडून सुकट. त्या दिवसापासून वाटी आली नाही. माझी वाटी अजून तिच्याकडेच आहे. हाडूक धरलेल्या बाईपेक्षा मी फार वेगळं काही बोलले नव्हते.

आधार कुणाचा झाला, तर चर्चमध्ये तेव्हा असलेल्या एका वृद्ध गोवेकर फादरांचा. त्यांचं मराठी अर्धं कोंकणी. ते उपदेश करत नसत. मिस्सा झाली की दारात गाठायचे आणि विचारायचे, ‘तारीख केन्ना?’ मी सांगायची. खिशातली इवलीशी डायरी काढून ते लिहून घ्यायचे. तारीख होऊन गेली की पुढच्या रविवारी, ‘जालें?’ ‘नाही फादर, पुढची पडली.’ पुन्हा डायरी. त्यांची बदली होईपर्यंत आमची एकही तारीख त्यांनी चुकवली नाही. प्रार्थना करतो, असं एकदाही म्हणाले नाहीत.

लाजरसाची गोष्ट मला त्याच वर्षांत नीट उमगली. मित्र आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू जागचा हलत नाही, आणखी दोन दिवस तिथेच राहतो. पोहोचेपर्यंत माणूस कबरीत जाऊन चार दिवस झालेले. मार्था वाटेतच त्याला गाठते आणि आधी तक्रार करते, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. प्रवचनांत पुढच्या चमत्काराची इतकी घाई असते की ही तक्रार भरभर उरकली जाते. मला तिथेच थांबावंसं वाटतं. ज्याच्यावर भार टाकलेलाच नाही, त्याच्याशी कोण कशाला भांडेल? मार्था वाट पाहत होती, आणि वाटेवरच भांडली. आपल्या भाषेत वाट पाहतात ती रस्त्याकडे डोळे लावून. पुतणीच्या व्हिडिओतला रस्ता एकवीस दिवसांचा आहे, आणि त्यात शंकेला बंदी आहे. मार्थाला त्या मंडपात कुणी उभं केलं नसतं.

लक्ष्मीबाई टिळकांनाही नसतं केलं. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा या बाईनं देवाला आणि नवऱ्याला दोघांनाही सोडलं नाही. रडल्या, चिडल्या, कित्येक वर्षं लांब राहिल्या, आणि आपल्या पायांनी चालत पोहोचल्या. त्यांच्या आत्मचरित्रात, ‘स्मृतिचित्रे’त, त्या काळावर भक्तीचा मुलामा नाही. डबे घासून झाले की मी ते पुस्तक वाचायची. वसईहून कुणी आलं की ‘सुवार्ता’ मासिकाचे जुने अंक यायचे, फादर दिब्रिटो तेव्हा संपादक. पुढे त्यांचं ‘सुबोध बायबल’ आलं, त्याला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला, ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मला आठवतो तो तेलाचे डाग पडलेला अंक.

आमच्या चाळीत तेव्हा सात ख्रिस्ती घरं होती. ऑक्टोबरात रोज संध्याकाळी जपमाळ, मरियेची मूर्ती आज या घरी, उद्या त्या घरी. आगमनकाळात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या, एक गुलाबी, आणि दर रविवारी एकच वाढवायची. तारा टांगायचा तो २४ तारखेच्या संध्याकाळी, त्याआधी नाही. पोरं कुरकुरायची. आता नोव्हेंबरातच बाल्कन्या उजळतात, केक कापून होतात, आणि प्रत्यक्ष नाताळला सगळे दमलेले. सात घरांपैकी पाच वसईला परतली, एक कॅनडात, एक मी. मूर्ती कुणाकडे राहिली ते आठवत नाही.

दावा २००९ साली मिटला. यंत्रं केव्हाच लिलावात गेली होती. हाती आले एकतीस हजार चारशे. हे त्याच दिवशी किराणा दुकानात गेले. शेठनं बंद वर्षांतल्या उधारीचं वेगळं पान ठेवलं होतं, बरेच दिवस त्याचं नावही काढलं नव्हतं. सगळे पैसे तिथेच संपले, वर बाराशे कमी पडले. ते पुढच्या महिन्यात दिले. देवानं ऐकलं का, असं मी यांना त्या रात्री विचारलं. म्हणाले, ‘आपण उपाशी कधी झोपलो?’ मी म्हटलं, डबे मी करत होते. ‘तेच म्हणतोय,’ म्हणाले, आणि कूस बदलली. २०१६ला गेले. या संभाषणाचा शेवट आमच्यात व्हायचा राहिला.

पुतणीला मी अजून उत्तर पाठवलेलं नाही.

काल खोली घेणारं जोडपं मापं घ्यायला आलं. पोरगा प्लास्टिकच्या कारखान्यात होता. मार्चमध्ये कमी केलेल्यांत त्याचं नाव, दोन महिन्यांचा पगार बाकी. बायको पोटुशी. ती देव्हाऱ्याच्या रिकाम्या फळीकडे बघत होती. माझ्या ओठांवर काय काय येऊन गेलं ते इथे लिहीत नाही. मग विचारलं, ‘तारीख कधीची?’

‘अठराची.’

कालनिर्णय मी खिळ्यावरून उतरवून सामानात टाकलं होतं. ते परत काढलं, पेन शोधलं आणि अठरावर गोल केला.