विदर्भातील घोड्यांचे तांब्याचे शिरोभूषण

विदर्भात इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात मृतांना पुरून त्यांच्याभोवती मोठ्या दगडांचे वर्तुळ रचण्याची प्रथा होती. नागपूरजवळच्या माहुरझरी येथे शां. भा. देव यांनी केलेल्या उत्खननात अशा शिळावर्तुळांत घोड्यांचे अवशेष आणि त्यांच्या डोक्यावरचे तांब्याचे साज मिळाले. तांब्याचा पातळ पत्रा आणि त्यावर लोखंडी गुंड्या, अशी त्यांची घडण. लोखंडाची हत्यारे घडवणाऱ्या या लोकांनी घोड्याच्या कपाळासाठी मात्र चमकणारे तांबे निवडले, ही गोष्ट फार बोलकी आहे. पातळ तांब्याने घाव अडत नाही. हा साज मुख्यतः मानाचा असावा.

याच सहस्रकात ग्रीक पायदळ मात्र घाव अडवण्यासाठी कांस्याची, म्हणजे तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूची, शिरस्त्राणे वापरत होते. तांब्यात सुमारे दहावा हिस्सा कथील मिसळले की कथिलाचे मोठे अणू तांब्याच्या अणुरचनेत ताण निर्माण करतात. अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरत नाहीत आणि धातू कणखर होतो. ठोकल्याने तो आणखी कडक होतो, पण ठिसूळही. म्हणून कारागीर तो मधूनमधून तापवून मऊ करत. कोरिंथियन शिरस्त्राण असे एकाच तुकड्यातून घडे. त्याने नाक आणि गाल झाकले जात, पण कानही झाकल्याने ऐकू कमी येई. इसवी सनापूर्वी ४९० मध्ये मॅरेथॉनच्या लढाईत लढलेला ग्रीक सेनानी मिल्टियाडीस याचे नाव कोरलेले असे एक शिरस्त्राण ऑलिंपियाच्या संग्रहालयात आहे.